शिपाई, सुभेदार आणि देहराडून

दिल्लीहून सहारनपूरमार्गे जुन्या रस्त्याने देहराडूनकडे जाणाऱ्या प्रवाशास मोहंड हे गाव येईपर्यंत आपण हिमालयाच्या पायथ्याशी आलो आहो याची शंकाही येत नाही. दुतर्फा उसाची शेते, मधून मधून गुऱ्हाळांचा धूर आणि सपाट मुलूख. मग एकाएकी सालवृक्षांचे रान लागते, गोटे पसरलेली कोरडी पात्रे रस्त्याच्या कडेने दिसू लागतात आणि शिवालिक डोंगराची चढण सुरू होते. माथ्याशी डाटकाली देवीचे ठाणे आहे. नवी गाडी घेतलेला त्या प्रांतातील मनुष्य प्रथम येथे येऊन देवीस हार घालतो. आमच्या गाडीवानानेही देवीस हात जोडले. त्याची गाडी मात्र बरीच जुनी होती. बोगदा ओलांडला की पलीकडे दूनचे खोरे पसरलेले दिसते. उत्तरेस मसुरीची रांग, दक्षिणेस नुकतेच ओलांडलेले शिवालिक, पूर्वेस गंगा आणि पश्चिमेस यमुना, अशा चौकटीत हे खोरे बसलेले आहे. सतराव्या शतकात गुरू रामराय यांनी येथे डेरा दिला, त्यावरून गावास नाव पडले. बासमती आणि लिची यांसाठी त्याची ख्याती आहे. पुण्याप्रमाणेच हेही शाळांचे आणि पेन्शनरांचे गाव असल्यामुळे आम्हांस तेथे फार परके वाटले नाही.

देहराडूनास जाणारे बहुतेक लोक मसुरीच्या ओढीने जातात व गावात एक रात्र काढून वर चढतात. आमचा ओढा निराळा होता. गावाच्या पश्चिमेस चकराता मार्गावर भारतीय सैनिकी अकादमी आहे. तेथील शिक्षण पुरे करणाऱ्या तरुणांचे अखेरचे संचलन दरवर्षी जून व डिसेंबर या महिन्यांत होते. एका स्नेह्यांच्या ओळखीने डिसेंबरातील संचलनाचे निमंत्रण आम्हांस मिळाले होते. संचलन पाहण्याची हौस होतीच. परंतु त्याहूनही एका गोष्टीचे कुतूहल फार दिवस मनात होते. या तरुणांत काही असे असतात की, जे प्रथम साधे शिपाई म्हणून भरती झालेले असतात. त्यांची वाट कोणती आणि ती कोणी घातली, हे आम्हांस पाहावयाचे होते.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या घरी 'शिपाई' हा शब्द कचेरीत चहा आणून देणाऱ्या मनुष्यास लावतात. मुलाने लष्करात जावे असे मनात आले, तर बापाच्या डोळ्यांपुढे खडकवासला उभे राहते. भरतीच्या मैदानावर कंबरेला पंचा गुंडाळून छाती मोजून घेणाऱ्यांची रांग काही उभी राहत नाही. यात कोणास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु अधिकारी हा जन्मतःच निराळ्या मातीचा घडलेला असतो, ही जी समजूत त्यामागे दडलेली असते, ती कोठून आली हे पाहण्यासारखे आहे.

आपल्याकडची ती नव्हे, एवढे निश्चित. शिवछत्रपतींच्या फौजेत पायदळाच्या लहान तुकडीवर नाईक असे, नाइकांवर हवालदार, हवालदारांवर जुमलेदार, त्यावर हजारी आणि सर्वांवर सरनोबत. शिडी एकच होती. तिच्या वरच्या पायऱ्या सर्वांस चढता येत असतील असे आम्ही म्हणत नाही. पण मध्येच भिंत बांधलेली नव्हती. धनगराच्या घरचे मल्हारराव होळकर सुभेदार झाले. सुभेदार म्हणजे त्या काळी एका प्रांताचा धनी. पुढे कंपनी सरकारने हेच शब्द उचलले, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार, आणि त्यांची एक लहान शिडी करून ती तळमजल्यावर उभी केली. माडीवर जाणारा जिना निराळा आणि त्यावर पाऊल ठेवण्याचा अधिकार फक्त गोऱ्यांचा. तीस वर्षे चाकरी करून, अंगावर जखमा वागवून सुभेदार मेजर झालेला मनुष्य विलायतेहून कालच उतरलेल्या वीस वर्षांच्या पोराच्या हाताखाली असे. शब्द तेच राहिले, परंतु त्यांतील जीव काढून घेतला गेला. देशाच्या मानहानीची पुष्कळ उदाहरणे आपण वाचतो. शब्दांची अशी मानहानी मात्र सहसा ध्यानात येत नाही.

पहिल्या महायुद्धात लाखो भारतीय शिपाई परमुलखांत लढले, तेव्हा कोठे ही भिंत किंचित हलली. १९१८ पासून सँडहर्स्ट येथील विद्यालयात भारतीयांस वर्षाकाठी दहा जागा देण्यात आल्या. दहाच! त्यांवर पाठविली गेली ती मुख्यतः संस्थानिकांची, सरदारांची आणि मोठ्या हुद्देदारांची मुले. साध्या शिपायाचा प्रश्न येथेही उद्भवला नाही. पुढे मागणी वाढत गेली, समित्या बसल्या, आणि १९३२ साली रेल्वेच्या अधिकाऱ्यांसाठी बांधलेल्या एका विद्यालयाच्या जागेत देहराडूनची अकादमी सुरू झाली. सरसेनापती सर फिलिप चेटवुड यांनी त्या वर्षीच्या १० डिसेंबरास तिचे उद्घाटन केले.

पहिल्या तुकडीत चाळीस तरुण होते. पंधरा जण स्पर्धापरीक्षेतून आले, दहा संस्थानी फौजांतून, आणि पंधरा पलटणींतील शिपाईवर्गातून. या चाळिसांपैकी तिघे पुढे तीन देशांचे सेनापती झाले. भारताचे सॅम माणेकशा आपणांस ठाऊक आहेत. दुसरे पाकिस्तानचे महंमद मुसा, १९६५ च्या युद्धात त्यांच्या फौजेचे प्रमुख. तिसरे ब्रह्मदेशाचे स्मिथ डन, १९४८ साली स्वतंत्र झालेल्या त्या देशाचे पहिले सेनापती. यांपैकी माणेकशा परीक्षा देऊन आलेले, डॉक्टरांच्या घरचे. मुसा हे १९२६ साली हजारा पायोनियर्स पलटणीत साधे जवान म्हणून दाखल झाले होते, आणि स्मिथ डन हेही पलटणीतूनच वर आलेले. पहिल्या तुकडीतील सर्वोत्तम छात्राची सन्मानाची तलवार या स्मिथ डन यांनीच पटकाविली. निराळ्या मातीच्या समजुतीस याहून चोख उत्तर कोणते असेल?

शिपायांस या परीक्षेच्या योग्यतेचे करण्यासाठी एक स्वतंत्र विद्यालय होते, आणि त्याची कथा मराठी माणसाने आवर्जून वाचावी अशी आहे. बुंदेलखंडातील नौगाव या छावणीत १९२९ साली फील्ड मार्शल बर्डवुड यांनी त्याचा पाया घातला. नाव किचनेर कॉलेज. झांशीहून खजुराहोस जाताना हे गाव वाटेवर लागते. सरळ रुंद रस्ते आणि पावलोपावली चौक, असे ते आखीव गाव आहे. तेथून जवळच मऊ-सहानिया व धुबेला ही छत्रसालाची ठिकाणे आहेत. छत्रसालाच्या हाकेस धावून बाजीराव ज्या मुलुखात गेले, त्याच मुलुखात दोनशे वर्षांनी पलटणीतील निवडक शिपाई इंग्रजी व्याकरण आणि भूगोल घोकीत बसले होते. स्वातंत्र्यानंतर या कामास नवे रूप आले, आणि मे १९६० मध्ये पुण्यास आर्मी कॅडेट कॉलेज सुरू झाले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी त्याचे उद्घाटन केले. सतरा वर्षे ते पुण्यात होते. खडकवासला कोठे आहे हे पुण्यातील शाळकरी मुलासही सांगता येते. परंतु शिपायास अधिकारी करणारे विद्यालय आपल्याच गावी सतरा वर्षे नांदले, हे ज्यांस माहीत आहे असे पुणेकर आम्हांस फार थोडे भेटले. १९७७ साली ते देहराडूनास नेण्यात आले. पुढे २००६ मध्ये ते अकादमीत पुरते सामावून घेतले गेले, व त्यास सियाचेन बटालियन असे नाव मिळाले. करिअप्पा, थिमय्या, भगत आणि माणेकशा या सेनानींच्या नावांच्या चार बटालियनांशेजारी ही पाचवी एका हिमनदीच्या नावाची आहे.

वाट कशी आहे तेही थोडक्यात सांगतो. शिपायाची निदान दोन वर्षे नोकरी झालेली असावी, वय वीस ते सत्तावीसच्या दरम्यान असावे आणि बारावीची परीक्षा उतरलेली असावी. अर्जास प्रथम स्वतःच्या पलटणीच्या प्रमुखाची शिफारस लागते. मग लेखी परीक्षा. ती उतरल्यास भोपाळ, प्रयागराज, बंगळूर यांसारख्या ठिकाणी निवडमंडळापुढे पाच दिवसांची पारख. जो निवडला जातो तो तीन वर्षे सियाचेन बटालियनमध्ये शिकून जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो, आणि त्यानंतर एक वर्ष अकादमीत इतरांच्या बरोबरीने सैनिकी शिक्षण घेतो. वय वाढलेल्या अनुभवी हवालदार-सुभेदारांसाठी निराळ्या योजना आहेत. प्रजासत्ताकदिनी व स्वातंत्र्यदिनी जुन्या सुभेदारांस मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हे पद दिल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तो दीर्घ सेवेचा गौरव होय, ही वाट नव्हे. दोहोंची गल्लत पुष्कळ जण करतात.

नियम येणेप्रमाणे. पण नियमांत जे मावत नाही ते आम्हांस घंटाघराजवळच्या एका साध्या धर्मशाळेत ऐकावयास मिळाले. शेजारच्या खोलीत सातारा जिल्ह्यातील, कोरेगावकडचे एक जोडपे उतरले होते. गृहस्थ मराठा पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा बेळगावास भरती झाला, तीन वर्षे पलटणीत राहिला, परीक्षेस बसला, आणि आता उद्याच्या संचलनात तो होता. हवालदार आम्हांस प्रत्येक वाक्यास 'साहेब' म्हणत. आम्ही कोणाचेच साहेब नाही असे दोनदा सांगून पाहिले. ते हसून म्हणाले, "चोवीस वर्सांची सवय हाये साहेब, जात न्हाई."

बाईंनी घरून दोन डबे आणले होते, बेसनाच्या लाडवांचे. एक नव्या ठिकाणच्या साहेब लोकांसाठी आणि दुसरा बेळगावच्या पोरांसाठी. हवालदारांचे चित्त मात्र लाडवांत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी मनातली गोष्ट काढली. त्यांच्याच आळीतला एक मुलगा यांच्या मुलाबरोबर, एकाच दिवशी, भरती झाला होता. दोघे एका ताटात जेवलेले. तो आता नाईक झाला आहे. "उद्यापासनं त्यो सलाम ठोकणार आमच्या पोराला," हवालदार म्हणाले, "अन् गावाकडं दोघांची घरं भिंतीला भिंत. त्याच्या बापाच्या म्होरं मी कसा बसू, सांगा."

या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते बाईंजवळ होते. त्या डब्याचे झाकण लावीत म्हणाल्या, "अहो, पलटणीत ठोकंल सलाम, अन् गावात आल्यावर पाठीत धपाटा घालंल. तुमी नका त्येची काळजी करू."

हवालदार गप्प बसले. त्यांचे समाधान झाल्याचे दिसले नाही, आणि ते होऊ नये हेच योग्य, असे आम्हांस त्या रात्री वाटले. कारण हा प्रश्न खरा आहे. परीक्षा देऊन थेट अधिकारी होणाऱ्या मुलास तो कधीच पडत नाही. त्याच्या हाताखालचे लोक त्यास प्रथमपासूनच परके असतात, व त्यांस जवळ करणे हे त्याचे काम असते. पलटणीतून वर आलेल्यास नेमके उलटे करावे लागते. जे जवळचे आहेत त्यांस हुकूम द्यावयाचा, प्रसंगी मृत्यूच्या तोंडी पाठवावयाचे, आणि तरी ते जवळचेच राहिले पाहिजेत.

हे साधते कसे याचे उदाहरण शोधावयास फार दूर जावे लागत नाही. कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे १९४० साली मुंबई इंजिनिअर्सच्या पलटणीत साधे सैनिक म्हणून शिरले. खडकीस त्या पलटणीचे ठाणे आहे. ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ते नाईक होते. माघार घेताना शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बुथिडाऊंग येथील साहित्य उडवून देण्यासाठी त्यांस थोड्या लोकांनिशी मागे ठेवले होते. त्यांस परत नेण्याची योजना फसली, तेव्हा जपानी पहाऱ्यांतून नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे स्वतःच्या फौजेत परत आणली. त्याबद्दल ते हवालदार झाले. स्वातंत्र्य आले, इंग्रज अधिकारी परत चालले आणि माणसांची निकड भासू लागली, तेव्हा १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे सेकंड लेफ्टनंट झाले.

चौथ्याच महिन्यात, ८ एप्रिल १९४८ रोजी, काश्मीरच्या युद्धात नौशेराहून राजौरीकडे जाणारी वाट मोकळी करण्याचे काम त्यांच्या तुकडीकडे आले. आरंभीच तोफगोळ्यांच्या माऱ्यात त्यांचे दोन लोक पडले, पाच जखमी झाले. जखमींत राणे स्वतः होते. पुढचे तीन दिवस सुरुंग काढणे, आडवी पाडलेली झाडे दूर करणे आणि रस्ता करणे हे काम त्यांनी जवळजवळ अखंड चालविले. एके ठिकाणी तर रणगाड्याच्या पोटाखाली शिरून, त्याच्या आडोशाने सरपटत, दोरी ओढून चालकास 'चल' आणि 'थांब' अशा खुणा करीत ते सुरुंग काढीत पुढे गेले. १२ एप्रिलास राजौरी हाती आली. राण्यांस परमवीरचक्र मिळाले. कारवारास समुद्रकिनारी त्यांचा पुतळा आहे. कधी त्या बाजूस जाणे झाल्यास तेथे दोन मिनिटे थांबावे. खांद्यावर तारा आल्यावर रणगाड्याखाली दुसऱ्या कोणास धाडण्याची मुभा त्यांस होती. पण सुरुंग काढणारे बोट कोणते, हे त्यांस चौदा महिने शिकून नव्हे, सात वर्षे तेच काम करून ठाऊक झाले होते.

सकाळी धुके दाट होते. चकराता मार्गावर उजवीकडे वनसंशोधन संस्थेची १९२९ सालची अवाढव्य इमारत अर्धीमुर्धीच दिसली. अकादमीच्या आवारातूनच हा मार्ग जातो. एका अंगास मैदाने, दुसऱ्या अंगास इमारती. संचलनाच्या मैदानासमोर घड्याळाच्या मनोऱ्याची चेटवुड इमारत आहे. तिच्या आतील सभागृहात चेटवुड यांच्या उद्घाटनाच्या भाषणातील तीन वाक्ये कोरलेली आहेत. देशाची सुरक्षितता व मान सदैव प्रथम, हाताखालच्या माणसांचे हित व सुख त्यानंतर, आणि स्वतःचे सुख सदैव सर्वांच्या शेवटी, असा त्यांचा आशय आहे. ती वाक्ये अनेकांनी अनेकदा सांगितलेली आहेत. त्या सकाळी मात्र आमचे लक्ष मधल्या वाक्याकडे गेले. मैदानावर शेकडो तरुण उभे होते. बहुतेकांस 'हाताखालची माणसे' उद्यापासून भेटावयाची होती. त्यांतील काही थोडे मात्र कालपर्यंत स्वतःच त्या वाक्यातील माणसे होते. आपले हित कोणी पाहिले आणि कोणी पाहिले नाही, हे त्यांस पुस्तकातून शिकावयाचे नव्हते.

संचलनाचे वर्णन आम्ही करीत नाही. ते दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिलेले असते. वाद्यांच्या संथ सुरांवर छात्रांच्या रांगा चेटवुड इमारतीच्या पायऱ्या चढू लागतात आणि शेवटची रेषा ओलांडतात, तिला 'अंतिम पग' म्हणतात, एवढेच सांगतो. ती ओलांडली की छात्र अधिकारी होतो. त्या संथ चालीत हवालदारांचा मुलगा कोणता हे आम्हांस ओळखता येईना. हवालदारांस मात्र तो पहिल्यापासून दिसत होता. "डावा खांदा जरा पाडतोय," ते पुटपुटले.

पुढे आईबापांनी खांद्यांवर तारे लावण्याचा विधी झाला. हवालदारांचे हात थरथरत होते. बाईंनी आपल्या बाजूचा तारा झटक्यात लावला आणि त्यांच्या बाजूचाही सरळ करून दिला. मग गर्दीतून वाट काढीत आम्ही सारे चहाच्या तंबूकडे निघालो. समोरून एक उंच, मिशाळ सुभेदार येत होते. मुलाच्या जुन्या पलटणीतले ते, येथे शिक्षक म्हणून नेमलेले. त्यांस पाहताच नव्या लेफ्टनंटाच्या टाचा आपोआप जुळल्या, अंग ताठ झाले आणि तोंडून मोठ्याने शब्द गेले, "जय हिंद, साहेब!"

सुभेदार चार पावलांवर थांबले. त्यांनी सावकाश, पुरता सलाम केला, हात तसाच ठेवून प्रतिसलामाची वाट पाहिली, आणि तो मिळाल्यावर मराठीत हळूच म्हणाले, "आता आधी आम्ही, साहेब."

"होय साहेब," लेफ्टनंट म्हणाला.

पाठीमागे हवालदार मोठ्याने हसले. बाई विचारीत होत्या की, या सुभेदारसाहेबांस लाडू कोणत्या डब्यातला द्यावयाचा.